गांडुळं कशानं मेली? बीटीची पऱ्हाटी, गांडूळखताचे बेड आणि एका बचत गटाचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे, २०१७ चा कापूस हंगाम संपत आला तेव्हाचं. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव दिलेलं नाही, कारण यात एकदोन गोष्टी अशा आहेत की त्या उघड झाल्या तर कास्तकारालाच त्रास होईल. मी तेव्हा या भागातल्या बचत गटांना शेतीचं प्रशिक्षण द्यायचं काम करत होतो. हे सविस्तर लिहायचं कारण असं की "बीटीमुळे जमिनीतले जीव मरतात का" हा प्रश्न गावोगाव विचारला जातो (बीटी म्हणजे जीवाणूचं जनुक घातलेला, बोंडअळीला मारणारं प्रोटीन स्वतःच तयार करणारा कापूस) आणि त्याला दोनच उत्तरं मिळतात, एक म्हणजे "हो, सगळं संपलं" आणि दुसरं "काही होत नाही, सरकारनं पास केलंय". दोन्ही उत्तरांनी कास्तकाराचं काम भागत नाही, त्याला त्याच्या वावरात आणि त्याच्या खताच्या बेडमध्ये नेमकं काय झालं ते कळायला हवं असतं.

पार्श्वभूमी

काळी भारी जमीन, बहुतेक कोरडवाहू, कापूस, तूर, सोयाबीन, थोडा हरभरा. देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं आणि काही वर्षांतच या गावात दुसरं काही पेरलं जाईनासं झालं. सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली, हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, आणि हे मुद्दाम सांगतो कारण फवारणी कमी होणं ही जमिनीतल्या जिवांसाठीही चांगलीच गोष्ट होती. मग रसशोषक किडींसाठी फवारण्या वाढत गेल्या आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं घात केला. बीजी-२ मधल्या दोन्ही प्रोटीनना ती पचवायला लागली होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा गावात कुठल्याही औषधाचा वास आला तरी लोक धास्तावायचे.

शोभाताईंच्या महिला गटाचं गांडूळखताचं काम याच सुमाराला जोरात होतं. शेण, तुरीचा कुटार, सोयाबीनचा भुसा यावर बेड चालायचे, खत चांगलं निघायचं आणि अमरावतीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातला एक सेंद्रिय बागायतदार ते ठरलेल्या भावानं घ्यायचा. बेड वाढवायला गटानं बँकेचं कर्ज घेतलेलं, हप्ता सुरू झालेला.

बोंडअळीचा कहर झाल्यावर कृषी खात्यानं आणि विद्यापीठानं सगळीकडे एकच सांगायला सुरुवात केली, फरदड (वेचणी संपल्यावरही पुन्हा बोंडं घ्यायला ठेवलेलं पीक) ठेवू नका, पऱ्हाटी (कपाशीची वाळत आलेली झाडं) लवकर उपटा, धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका. पऱ्हाटीचं करायचं काय हा प्रश्न होताच, बहुतेक जण जाळतात किंवा चुलीला वापरतात. गटातल्या बायांना वाटलं की श्रेडर भाड्यानं आणून पऱ्हाटी बारीक करावी आणि बेडमध्ये घालावी, कच्चा माल फुकटचा आणि जाळण्याचा धूरही वाचेल. कल्पना उत्तम होती, माझंही तेच मत होतं आणि अजून आहे.

अडचण काय आली

पऱ्हाटीचा पहिला भुगा घातला आणि दोन-तीन दिवसांत त्या बेडमधली गांडुळं कडेला गोळा व्हायला लागली, काही बाहेर पडून सुकली, बरीचशी आतच फुगून तुटून मेली. शेजारचे तुरीच्या कुटाराचे बेड मात्र ठणठणीत. गटातल्या एका ताईंनी सरळ विचारलं, "मंग हे मेले कायनं? बीटीनंच ना?" प्रश्न अगदी रास्त होता. अळी खाते आणि मरते, गांडूळही तेच खातंय, मग ते का मरणार नाही?

त्यात नानाजी, गावातले सत्तरीच्या पुढचे कास्तकार, त्यांनी दुसरी गोष्ट जोडली. त्यांचं म्हणणं की पूर्वी पहिल्या पावसानंतर वावरात आणि धुऱ्यावर गांडुळं अशी वळवळायची की पाय ठेवायला जागा नसायची, आणि आता डवरणी (कोळपणी) करताना एखादं दिसलं तर दिसलं. "बीटी आलं आन् हे गेले," असं ते म्हणायचे. गटातल्या एका तरुण मुलानं मेलेल्या गांडुळांचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला, खाली लिहिलं की बीटी कापसानं गांडुळं मारली. तो फिरत फिरत संत्रा बागायतदाराकडे पोचला. त्यांचा फोन आला की माझं सेंद्रिय प्रमाणपत्र आहे, तुमच्या खतात बीटीचा माल असेल तर मला घेता येणार नाही, आधी लिहून द्या. एका स्थानिक वार्ताहराचाही फोन आला.

म्हणजे एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहिले होते आणि सगळे जण त्यांना एकच समजत होते. बेडमधली गांडुळं कशानं मेली, वावरातली गांडुळं कमी का झाली, आणि सेंद्रिय बागेत हे खत चालेल का. तिघांची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात हे ध्यानात यायला गटाला थोडा वेळ लागला, पण एकदा ते ध्यानात आल्यावर पुढचं सगळं सोपं झालं.

समोर कोणते पर्याय होते

गटाच्या बैठकीत बरंच काही बोललं गेलं. एक मत असं की पऱ्हाटीचा नाद सोडा, बेड उपसून टाका आणि जुन्या पद्धतीनं चालू ठेवा. त्यात धोका काहीच नव्हता, पण कारण कळलं नसतं आणि गावातली पऱ्हाटी परत जळालीच असती. दुसरं मत तापलेलं होतं, वर्तमानपत्रात बातमी द्या, बियाणं कंपनीवर तक्रार करा, नुकसानभरपाई मागा. बोंडअळीनं पीक गेलेलं, लोकांचा राग खरा होता. तिसरं मत, नमुना प्रयोगशाळेत पाठवा. मी चौकशी केली तर कीटकनाशकांचे अवशेष तपासायला एका नमुन्याला काही हजार रुपये लागत होते, आणि बीटी प्रोटीन किती आहे हे मोजायची चाचणी आणखी वेगळी. शिवाय एक मोठी अडचण अशी की मेलेला बेड तोवर उपसून उकिरड्यावर टाकून झाला होता, त्यावर पाणी पडलं होतं, ऊन पडलं होतं, म्हणजे तपासणार काय? चौथा पर्याय म्हणजे गावातच, साध्या टबांमध्ये, शेजारी शेजारी लावून बघायचं.

बातमी द्यायची की नाही यावर सगळ्यात जास्त वाद झाला. शोभाताईंनी तो मिटवला, त्या म्हणाल्या की आपल्याला कारण माहीत नाही तोवर पेपरात छापून आलं आणि उद्या दुसरंच निघालं तर आपलं खत कोण घेणार? व्हिडिओ टाकणाऱ्या मुलाला कुणी रागावलं नाही, फक्त गटाकडून अजून तपास चालू आहे असं त्याच ग्रुपवर लिहायला सांगितलं आणि त्यानं ते लिहिलं. वार्ताहराला सांगितलं की थोडं थांबा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता.

आधीच काय माहीत होतं

टब लावण्याआधी मी उपलब्ध अभ्यास वाचून गटाला सोप्या भाषेत सांगितले, कारण कशाची तुलना करायची हे त्यावरूनच ठरतं.

बीजी-२ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन प्रोटीनं असतात. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथल्या आवरणावर ठरावीक रिसेप्टर असतात, प्रोटीन त्यांना चिकटतं, आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी मरते. गांडुळाचं आतडं तसं नसतं आणि ते रिसेप्टरही त्यात आढळलेले नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या स्टॉट्झकी आणि सक्सेना यांनी २००१ मध्ये बीटी मक्याच्या जमिनीत गांडुळं ठेवून बघितलं, प्रोटीन गांडुळाच्या आतड्यात आणि विष्ठेत सापडलं पण मरण्याच्या प्रमाणात किंवा वजनात फरक आढळला नाही. गांडूळ ते खातं आणि बाहेर टाकतं. स्प्रिंगटेल म्हणजे मातीतले ते बारीक उड्या मारणारे जीव, त्यांच्यावरच्या चाचण्यांतही बहुतेक असंच दिसलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. स्वित्झर्लंडमधल्या क्लाउडिया झ्वालेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात गांडुळांना बीटी मक्याचा पालापाचोळा खूप दिवस खायला घातला. बीटीनं मरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण २०० दिवसांनंतर बीटी खाणाऱ्या मोठ्या गांडुळांचं वजन सुरुवातीपेक्षा १८ टक्के घटलेलं होतं आणि साधा मका खाणाऱ्यांचं ४ टक्के वाढलेलं. कारण प्रोटीन की पानांच्या घडणीतला दुसरा काही फरक हे त्यातून पक्कं ठरत नाही. दुसरी गोष्ट खास आपल्या काळ्या जमिनीच्या जिव्हाळ्याची आहे. स्टॉट्झकींच्याच प्रयोगशाळेत दिसलं होतं की हे प्रोटीन मॉन्टमोरिलोनाइटसारख्या चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं आणि तसं चिकटलेलं प्रोटीन २३४ दिवसांपर्यंतही अळ्या मारू शकतं. आपल्या काळ्या मातीत याच जातीची चिकणमाती भरलेली असते, त्यामुळे "प्रोटीन आठवड्यात जिरून जातं" असं कुणी सहज म्हटलं तर मला ते पटत नाही. याच्या उलट, अमेरिकेत सलग ३ ते ६ वर्षं बीटी कापूस घेतलेल्या शेतांची माती २००२ साली तपासली तेव्हा तिच्यात क्राय१एसी सापडलं नव्हतं, मात्र ते काम बियाणं कंपनीच्याच शास्त्रज्ञांचं होतं हेही सांगायला हवं.

आणि आपल्याकडची एक गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी वाटली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की झाड जसं मोठं होतं तसं त्यातलं क्राय१एसी कमी होत जातं, साधारण ११० दिवसांनंतर ते अळी मारायला लागणाऱ्या १.९ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम या पातळीच्या खाली येतं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उपटलेल्या पऱ्हाटीत, तेही लाकडी भागात, प्रोटीन फारसं राहिलेलं नसणार. मग दोन-तीन दिवसांत बेड साफ करणारं दुसरं काहीतरी असलं पाहिजे असा माझा अंदाज होता. पण अंदाज सांगून गटाला पटलं नसतं, आणि पटायलाही नको होतं.

काय केलं

पहिली अडचण तुलनेचीच आली. बीटी पऱ्हाटीच्या शेजारी कशाची पऱ्हाटी ठेवायची? कुणीतरी सुचवलं की देशी कापसाची आणा, एकेए-८ सारखी. पण देशी कापूस ही जातच वेगळी आहे, तिचं पान वेगळं, काडी वेगळी, म्हणजे फरक दिसला तरी तो बीटीचा की जातीचा हे कळणार नाही. तेव्हा ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटी रेफ्युजीचं पाकीट मिळायचं, शेताच्या कडेनं पेरायला. बहुतेक जण ते फेकून द्यायचे किंवा तुटाळ्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरायचे. गावात एकच जण निघाला ज्यानं ते नीट कडेनं पेरलं होतं, शोभाताईंचे दीर मनोहरभाऊ. त्यांनी उरलेलं दोन्ही पाकिटांचं बी घराच्या मागे परसातही टोचलं होतं आणि लहान मुलं खेळतात म्हणून तिथे एकही फवारणी केली नव्हती. हे कळल्यावर मला फार आनंद झाला, कारण आपोआप चारही प्रकारची पऱ्हाटी हाताशी आली, फवारलेली बीटी, फवारलेली नॉन-बीटी, न फवारलेली बीटी, न फवारलेली नॉन-बीटी. तरी रेफ्युजीच्या पाकिटातलं बी खरंच नॉन-बीटी आहे का हे गृहीत धरून चालत नाही, म्हणून वाळायच्या आधीच्या हिरव्या पानांवर पट्टीची चाचणी करून घेतली. पान थोड्या द्रावणात चुरडायचं, पट्टी बुडवायची आणि बीटी प्रोटीन असल्याची रेघ उमटते का बघायचं, इतकं ते सोपं आहे. ज्या झाडांवर शंका आली ती बाजूला काढली.

फवारलेल्या वावरात शेवटची फवारणी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनच्या मिश्रणाची होती, बोंडअळीसाठी, आणि ती पऱ्हाटी उपटायच्या जेमतेम काही दिवस आधीची. मरणाऱ्या बेडमध्ये गेलेला भुगाही अशाच वावरातला होता. हे विचारल्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला त्याचं महत्त्व वाटलं नव्हतं.

प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन टब आणि नुसत्या शेणाचे तीन, असे लावले. टबाला खाली भोकं, तळाशी ओलं गोणपाट, सगळ्यांत एकाच ढिगातलं जुनं थंड शेण, वर सारख्या वजनाचा भुगा, आणि सारख्या वजनाची गांडुळं. बेडमधली गांडुळं म्हणजे आयसेनिया फेटिडा, लाल रंगाची, कुजणाऱ्या शेणकचऱ्यात राहणारी. टबांवर नुसते नंबर टाकले आणि कुठल्या नंबरात काय आहे ती चिठ्ठी एकाच ताईकडे ठेवली, बघणाऱ्या बायांना माहीत नव्हतं. हे त्यांनीच सुचवलं, "माहीत असलं की डोळे तेच पाहतात" असं म्हणून. रोज सकाळी किती गांडुळं कडेवर चढली, किती मेलेली दिसली ते वहीत लिहायचं, आणि नंतर विष्ठा आणि कोष (गांडुळाच्या अंड्यांच्या पिशव्या) बघायचे.

टबांत काय दिसलं

फवारलेल्या पऱ्हाटीच्या टबांत पहिल्याच रात्रीत गांडुळं कडेनं वर चढली आणि पुढच्या काही दिवसांत फुगून मरायला लागली, अगदी बेडमध्ये झालं होतं तसंच. आणि हे बीटीच्याही टबांत झालं आणि नॉन-बीटीच्याही. न फवारलेल्या पऱ्हाटीत, बीटी असो की नॉन-बीटी, गांडुळं आत राहिली, भुगा हळूहळू खायला लागली आणि पुढे कोषही दिसले. पऱ्हाटी लाकडी असल्यानं शेणाच्या टबांपेक्षा खत व्हायला बराच जास्त वेळ लागला, पण गांडुळं जिवंत होती. चिठ्ठी उघडली तेव्हा बायांमध्ये एकदम शांतता पसरली आणि मग सगळ्या एकाच वेळी बोलायला लागल्या.

कारण समजायला अवघड नाही. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध, ते मज्जातंतूंचं काम बंद पाडतं आणि त्याला अळी काय आणि गांडूळ काय, दोघंही सारखेच. आणखी एक शक्यता तपासायची राहिली होती, ताज्या भुग्याची उष्णता. बेडमध्ये हिरवा भुगा जाड थरात पडला होता, तो कुजायला लागला की तापतो आणि गांडुळं पळतात. टबांत थर पातळ होता म्हणून तिथे उष्णतेचा प्रश्न आला नाही. बेडमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात असं मला वाटतं. म्हणून पुढची पायरी अशी केली की फवारलेल्या पऱ्हाटीचा भुगा उघड्यावर ढीग करून, शेणकाला शिंपडून, अधूनमधून पलटत काही आठवडे अर्धवट कुजू दिला आणि मग थोडासा एका टबात घालून बघितला. गांडुळं राहिली. आणखी थोडे आठवडे जाऊ दिले आणि मग बेडमध्ये घातला.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. या टबांनी एवढंच दाखवलं की बेडमधला तो झटपट मृत्यू बीटीचा नव्हता. झ्वालेन यांच्या अभ्यासात २०० दिवसांनी वजनात दिसलेला फरक असल्या टबांत दिसणारच नाही, त्यासाठी गांडुळं पुन्हा पुन्हा तोलावी लागतात आणि किती तरी जास्त टब लागतात. "बीटी पूर्ण निर्धोक आहे असं गटानं सिद्ध केलं" असं कुणी म्हणालं तर ते खोटं ठरेल, आणि एका कृषी केंद्रवाल्यानं तसं म्हणायला सुरुवात केली तेव्हा शोभाताईंनी त्यांना जाऊन सांगितलं की आमचं नाव घेऊन हे सांगू नका.

वावरातली खोदाई

नानाजींच्या प्रश्नाला टब उत्तर देऊ शकत नव्हते. शेतातलं गांडूळ वेगळं, लॅम्पिटो मॉरिटीसारखी जाड, मातीत बिळं करून राहणारी जात, आणि बेडमधलं वेगळं. बेडमधली गांडुळं वावरात सोडली तर ती तिथे टिकत नाहीत, कारण त्यांना शेणकचरा लागतो. काही जणांना जानेवारीतच खोदून बघायचं होतं, पण काळी जमीन वाळून भेगाळायला लागली की गांडुळं खोल जाऊन गुंडाळी करून पडतात, वर काही सापडत नाही आणि "बघा, एकही नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. थांबायचं ठरलं, ऑगस्टमध्ये चांगला पाऊस झाल्यावर.

फूटभर लांब, रुंद आणि खोल असे खड्डे, माती ताडपत्रीवर काढून हातानं निवडायची. धुऱ्यावर खोदलं, मनोहरभाऊंच्या वावरात खोदलं, जिथे बीटीच होतं पण दरवर्षी शेणखत पडायचं, तुरीच्या ओळी होत्या आणि डवरणी बैलानं व्हायची. तिसरं वावर अशा एका कास्तकाराचं होतं ज्यानं पाकिटावर नाव नसलेलं तणनाशक सोसणारं बियाणं लावलेलं, गावात त्याला चोर बीटी म्हणतात. त्याला देशात परवानगी नाही, म्हणून तो सांगायला कचरत होता, आणि नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिल्यावरच त्यानं खोदू दिलं. त्या वावरात ग्लायफोसेट हे तणनाशक, बियाण्याला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची प्रक्रिया, पेरणीच्या वेळी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे, शेणखत कित्येक वर्षांत नाही, बैल विकलेले, पऱ्हाटी दरवर्षी जाळलेली.

धुऱ्यावर गांडुळं भरपूर निघाली, मनोहरभाऊंच्या वावरात कमी पण प्रत्येक खड्ड्यात होती, आणि तिसऱ्या वावरात बहुतेक खड्डे रिकामे. तिथे वाणी (पुष्कळ पायांचा मिलिपीड) मात्र दिसली, तीच जी कपाशीची आणि सोयाबीनची कोवळी रोपं कुरतडते, म्हणजे सगळेच जीव सारखे कमी होतात असंही नाही.

आता यावरून काय म्हणता येतं? बीटी कापूस असूनही एका वावरात गांडुळं आहेत, म्हणजे बीटी आलं की गांडुळं जातातच असं नाही. पण तिसऱ्या वावरात ती का नाहीत याचं एक कारण सांगता येत नाही, कारण तिथे पाच-सहा गोष्टी एकत्र होत्या. त्यातल्या फोरेटबद्दल मला शंका नाही, ते गांडुळांसाठी अतिशय जहाल आहे आणि डिसेंबर २०२० अखेरीस देशात त्यावर बंदीही आली. शेणखत बंद होणं हे तितकंच मोठं कारण असू शकतं, खायलाच काही नसेल तर गांडूळ कशावर जगणार. युरोपात डेन्मार्क आणि फ्रान्समध्ये बीटी मक्याच्या शेतांवर मोठा अभ्यास झाला होता, इकोजेन नावाचा, त्यातही असंच दिसलं होतं की मातीचा प्रकार, नांगरणी, हंगाम यांचा मातीतल्या जिवांवर बीटीपेक्षा जास्त परिणाम होतो.

नानाजींना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे बियाणं आलं आन् त्याच्यासंगं बाकी सारं बदललं, असंच ना?" माझ्या मते सगळ्या अहवालांपेक्षा नेमकं बोलणं हेच होतं. त्यांचं निरीक्षण खरं होतं, काळही त्यांनी बरोबर पकडला होता. बीटी आल्यापासूनच्या वर्षांत बैल गेले, शेणखत गेलं, तणनाशक आलं, मिश्रपीक गेलं, आणि बोंडअळी बीटीला पचवायला लागल्यावर फवारण्याही परत वाढल्या. त्या फवारण्यांचं विष पऱ्हाटीवर बसून बेडपर्यंत पोचलं. बीटीचं प्रोटीन गांडुळाला मारत नसेलही, पण बीटीचं अपयश गांडुळापर्यंत असं पोचतं, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

शेवटी काय झालं

बागायतदाराच्या प्रश्नाला या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणात जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, चालत नाही, ते अपायकारक आहे की नाही हा तिथे मुद्दाच नसतो, बागायतदाराला फक्त माल कुठून आला ते लिहून हवं होतं. काही बायांना हे अन्यायाचं वाटलं, एवढं तपासलं तरी का नको म्हणून. पण तो नियम त्यांच्या गिऱ्हाईकांना दिलेल्या शब्दाचा आहे आणि तो पाळायलाच हवा असं मला वाटतं. गटानं बेड दोन भागांत केले. तुरीचा कुटार, ज्वारीचा कडबा आणि शेणाचे बेड वेगळे, ते संत्र्याला. पऱ्हाटीचे बेड वेगळे, ते गावातल्याच बीटीच्या वावरांना, जिथे जीएमचा प्रश्नच येत नाही. टोपल्या आणि फावडीही वेगळी ठेवली. बागायतदारानं हे येऊन बघितलं आणि खरेदी चालू ठेवली, मात्र मधल्या काळातला एक पूर्ण माल पडून राहिला आणि बँकेचा हप्ता थकला, तो गटातल्या बायांनी आपापल्या खिशातून भरला.

पऱ्हाटी देणाऱ्या प्रत्येक कास्तकाराकडून आता वावर कोणतं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे लिहून घेतलं जातं. भुगा आधी बाहेर कुजवायचा, मग एका टबात थोडी गांडुळं सोडून रात्रभर बघायचं, चढली नाहीत तरच बेडमध्ये.

वेगळं काय करता आलं असतं

मेलेल्या बेडचा निदान किलोभर माल आणि थोडी मेलेली गांडुळं पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवली असती तर नंतर पैसे जमवून तपासणी करता आली असती, आणि औषध कोणतं व किती होतं हे टबांवरून ओळखायची गरजच पडली नसती. कुठल्याही बेडमध्ये, तळ्यात, वावरात जीव मेले तर पहिलं काम हेच करावं, साफसफाई नंतर. नवा कच्चा माल पहिल्यांदाच पूर्ण बेडवर घालण्याऐवजी एका कोपऱ्यात घातला असता तर नुकसान थोडक्यात आटोपलं असतं, हे बायांनी स्वतःच पुढच्या प्रशिक्षणात इतर गटांना सांगितलं.

खोदाईबद्दल माझं म्हणणं असं की तीन जागा फार कमी झाल्या. शेणखत टाकणारी आणि न टाकणारी, फवारणी जास्त आणि कमी, अशी निदान पाच-सहा बीटीची वावरं निवडली असती तर कारणं थोडी तरी वेगळी करता आली असती. आणि फक्त गांडुळं बघणंही अपुरं आहे, स्प्रिंगटेल आणि माइट बघायला गाळणी आणि बल्बचं साधं उपकरण लागतं, माती गाळणीत ठेवायची, वरून बल्ब लावायचा, उष्णतेनं जीव खाली बाटलीत पडतात. ते शाळेतल्या मुलांकडूनही करून घेता आलं असतं. मूळ अडचण ही की २००२ च्या आधी या वावरांत किती गांडुळं होती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, नानाजींची आठवण एवढंच काय ते आहे. म्हणून गटानं आता खड्ड्यांच्या जागा धुऱ्यावरच्या दगडांवर रंगानं खुणा करून पक्क्या केल्या आहेत, दर ऑगस्टला तिथेच खोदायचं, आणि त्या वर्षी त्या वावरात काय पेरलं, काय फवारलं, किती गाड्या शेणखत पडलं हे त्याच पानावर लिहायचं.